एकोणसाठचा चेक : बचत गटाच्या एका सचिवाचे इंग्रजी आकडे

चेक परत आला तो दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी. रक्कम सात हजार एकोणसाठ रुपये. आकड्यांच्या चौकटीत ७,०५९ अगदी नीट लिहिलेले, आणि अक्षरी रकमेच्या ओळीवर इंग्रजीत ‘सेव्हन थाउजंड सिक्स्टी नाइन ओन्ली’. सोबतच्या चिठ्ठीवर बँकेने कारण दिलं होतं : अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत नाही.

गाव कोरेगाव तालुक्यातलं, सातारा जिल्हा. गट अकरा जणींचा. वाघ्या घेवडा निवडायचा, अर्ध्या आणि एक किलोच्या पिशव्या भरायच्या आणि साताऱ्या-पुण्याच्या दुकानांना द्यायच्या, हे गटाचं काम. चेक होता छापील पिशव्या पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेला. लिहिणारी गटाची सचिव, वय एकोणचाळीस, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. अध्यक्षबाईंची सही चेकवर आधीच घेऊन ठेवलेली होती. ही सवय बऱ्याच गटांत आहे आणि ती वाईट आहे, कारण दुसरी सही करणाऱ्या बाईने रक्कम वाचलेलीच नसते.

पुढच्या बैठकीत कुजबुज झाली. इंग्रजी येत नाही तर सचिव कशाला, असं एकीने तोंडावर म्हटलं. सचिव त्या रात्री माझ्याकडे आली. मी याच गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. ओट्यावर बसून तिने चेक माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “बाई, माझं हिशेबात कधी चुकत नाय. मग हितंच का चुकलं?”

या प्रश्नामुळेच मी हे प्रकरण लिहून ठेवलं. तिची इतर कुठलीही ओळख इथे देत नाही. लिहायला तिची परवानगी आहे.

आधी चेकबद्दल

कायदा सांगते, कारण गटातल्या बायकांनी तोच आधी विचारला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरायची. म्हणजे कायद्याच्या नजरेने तिने सात हजार एकोणसत्तर रुपये द्यायला सांगितले होते. प्रत्यक्षात बँका असा चेक बहुतेक वेळा वटवत नाहीत, परत पाठवतात. शिवाय चेकवर खाडाखोड चालत नाही. तारीख सोडून दुसरं काहीही बदलायचं असेल तर नवा चेकच लिहावा लागतो.

दुसरी गोष्ट मी तिला त्याच रात्री सांगितली. चेक इंग्रजीतच लिहायला पाहिजे असं मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे ग्राहकाला इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत चेक लिहिता येतो. ‘सात हजार एकोणसाठ फक्त’ असं लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. हे प्रत्येक गटाला पहिल्या प्रशिक्षणातच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या भाषेत चेक लिहिण्यात कमीपणा काही नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते झालं चेकचं. पण पिशव्यावाला फोनवर फिफ्टी-सिक्स्टी करतो, दुकानवाले नंबर इंग्रजीत सांगतात, बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो. मला यायला पाहिजे.” मग ठरलं. आठवड्यातून तीन दिवस, धारा काढून झाल्यावर, अर्धा तास.

चुका कुठल्या, ते पाहिलं

पहिल्याच दिवशी वन-टू-थ्रीची उजळणी सुरू करण्याचा मोह मी टाळला. नोकरीच्या काळात मी तेच करत आले होते : शंभरपर्यंतचा तक्ता, स्पेलिंगसह, दहा वेळा लिहून आणा. तिच्या लेकीच्या वहीत तो तक्ता होताच आणि तिने तो पाठही केला होता. ट्वेंटी ते नाइन्टीची स्पेलिंग तिला बिनचूक येत होती. तरीही चेक चुकला होता.

म्हणून तीस संख्या निवडल्या आणि त्या तीन तऱ्हांनी विचारल्या, एका दिवशी एकच तऱ्हा. पहिल्या दिवशी मी मराठीत सांगायचं आणि तिने आकड्यांत लिहायचं. तीसच्या तीस बरोबर, तेही झरझर. शेकडा दोनने तीन हजार पाचशेचं महिन्याचं व्याज मी मध्येच विचारलं, तर मान वर न करता “सत्तर” म्हणाली. हिशेबात चुकत नाही म्हणाली होती ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी आकडा दाखवायचा आणि तिने इंग्रजीत वाचायचं. इथे बारा चुकल्या. तिसऱ्या दिवशी मी इंग्रजीत म्हणायचं आणि तिने आकडा लिहायचा. तिथे सात.

चुका मी एका कागदावर मांडल्या आणि बघत बसले. त्या कुठेही, कशाही झालेल्या नव्हत्या.

५३ तिने ‘थर्टी फाइव्ह’ वाचलं, ४२ ‘ट्वेंटी फोर’, ८६ ‘सिक्स्टी एट’. अशा सहा. आकडा डोळ्यांना दिसला की मनात मराठी शब्द उठतो : त्रेपन्न. त्यात ‘त्रे’ आधी, म्हणजे तीन आधी. तीन तोंडात आलं की ‘थ्री’चं ‘थर्टी’ होतं आणि उरलेल्या पाचाचं ‘फाइव्ह’. बेचाळीसमध्ये ‘बे’ आधी, शहाऐंशीत ‘शहा’ आधी. मराठी एकक आधी बोलते आणि दशक नंतर. इंग्रजी विसाच्या पुढे नेमकं उलट करते. ३३ आणि ६६ तिने बरोबर वाचले, पण तिथे उलट वाचलं तरी ते कळणारच नाही. आपण शिक्षक चाचणीत ४४ आणि ५५ घालून समाधान मानतो, त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

बाराव्या चुकीकडे नंतर येते. मधल्या पाच चुकांनी माझे डोळे उघडले. २९ ला ती ‘थर्टी नाइन’ म्हणाली, ४९ ला ‘फिफ्टी नाइन’, ५९ ला ‘सिक्स्टी नाइन’, ७९ ला ‘एटी नाइन’, ८९ ला ‘नाइन्टी नाइन’. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणा. शब्दात साठ आहे, पन्नास नाही. डोळ्यांसमोर नऊ आहे, कानात साठ आहे. दोन्हींची गाठ पडली आणि ‘सिक्स्टी नाइन’ तयार झालं. चेकवरची चूक हीच होती. चौतीस वर्षं शिकवताना ‘सिक्स्टी नाइन’सारखी उत्तरं मी कितीतरी वह्यांत लाल शाईने कापली असतील, आणि ती कुठून येतात हे एकदाही तपासलं नाही. याची खंत मला आहे.

गंमत अशी की ९९ तिने बरोबर वाचलं. कारण मराठीत नव्याण्णव हा शब्द ‘एकोणशंभर’ असा होत नाही. तिथे नऊ आणि नव्वद दोन्ही शब्दातच आहेत. हे तिचं तिलाच सापडलं. मी चुका सांगितल्या नव्हत्या, फक्त तिने म्हटलेलं जसंच्या तसं वहीत लिहून तिच्यापुढे ठेवलं होतं. ती बोट फिरवत वाचत गेली आणि थांबली. “बाई, एकोणनव्वद पण नाइन्टी नाइन आन् नव्याण्णव पण नाइन्टी नाइन? दोन्ही कसं असंल?” मी गप्प राहिले. तिने बोटांवर काहीतरी मोजलं, आणि मग चेकची झेरॉक्स पिशवीतून काढून कितीतरी वेळ पाहिली.

लिहिण्याच्या सात चुकांपैकी दोन याच घरातल्या होत्या, फक्त उलट्या वाटेने आलेल्या : ‘सिक्स्टी नाइन’ ऐकून तिने ५९ लिहिले. तीन वेगळ्या होत्या. ‘ट्वेंटी थ्री’ ऐकलं की हात लगेच २० लिहून मोकळा व्हायचा आणि मागून ३ यायचा, झाले २०३. मराठीत ‘तेवीस’ हा अखंड शब्द आहे, तो पुरा ऐकल्याशिवाय लिहिताच येत नाही. इंग्रजीत संख्या दोन हप्त्यांत येते आणि घाई करणारा हात पहिल्या हप्त्यातच फसतो. उरलेल्या दोन थर्टीन-थर्टी जातीच्या, आणि मघाची बारावी चूकही तीच : १७ ला ‘सेव्हन्टी’.

साठ तीन

इथे २०१९ सालचा वाद आठवल्याशिवाय राहत नाही. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’ला ‘साठ तीन’ म्हणण्याची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेतही विषय निघाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी बाजू मांडली ती अशी, की जोडाक्षरांनी भरलेले आणि उलट क्रमाचे हे शब्द लहान मुलांना जड जातात. मी तेव्हा नोकरीत होते आणि शिक्षकांच्या खोलीत विरोध करणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता. बाजारात कोण ‘साठ तीन’ म्हणतं, असं मी विचारलं होतं.

त्रेसष्ट, एकोणऐंशी, चौऱ्याऐंशी हे शब्द बोलीतून जाऊ नयेत असं मला आजही वाटतं. पण ‘साठ तीन’चा एक उपयोग मला त्या वेळी दिसला नाही, तो या ओट्यावर दिसला. मराठी शब्दाकडून इंग्रजी शब्दाकडे जाताना मध्ये एक पायरी लागते, आणि ती पायरी तीच आहे. त्रेसष्ट, साठ तीन, सिक्स्टी थ्री. एकोणसाठ, पन्नास नऊ, फिफ्टी नाइन. मधला शब्द म्हणताना ‘एकोण’ गळून पडतो आणि खरं दशक हाती येतं.

तिला हे पहिल्यांदा विचित्र वाटलं. गटातली एक सून निपाणीकडची, तिने घरी कन्नड ऐकलेलं. ती त्या दिवशी घेवडा निवडायला आली होती. मी तिला एकवीस म्हणायला सांगितलं. ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे इप्पत्तु वीस आणि ओंदु एक. तेलुगूतही वीस आधी आणि एक नंतर. उलट जर्मन आणि अरबी आपल्यासारख्याच, एकक आधी बोलणाऱ्या. कुठलीही तऱ्हा शहाणी किंवा अडाणी नाही. हे कळल्यावर सचिवाच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. तोवर तिला वाटत होतं की आपलं डोकंच उलटं आहे.

नोटा आधी, चिल्लर मागून

शिकवण्याचं खरं साधन निघालं ते गटाच्या पेटीतून. मी दहाच्या नोटा आणि एकेकाची नाणी काढायला सांगितली. ५३ मांड. तिने पाच नोटा आणि तीन नाणी मांडली. आता मला दे. तिने आधी नोटा दिल्या, मग नाणी. पैसे देताना माणूस मोठी रक्कम आधी हातावर ठेवतो आणि चिल्लर मागून. इंग्रजीही तशीच देते, एवढंच सांगितलं. ‘नोटा आधी, चिल्लर मागून’ हे वाक्य तिने उचललं आणि पुढचे दीड महिने तेच चाललं. नोटा हातावर टेकवताना ‘फिफ्टी’, नाणी टेकवताना ‘थ्री’. पहिल्या आठवड्यात मी आकडा लिहून दाखवलाच नाही, फक्त पैसे.

दुसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्याचे तुकडे केले. २० ते ९० पर्यंतची दशकं लांब तुकड्यांवर, १ ते ९ आखूड तुकड्यांवर. ५० च्या शून्यावर ३ चा तुकडा ठेवला की ५३ दिसतात. २०३ लिहिण्याची खोड यानेच गेली. “झिरोच्या डोक्यावर बसवायचं,” असं ती स्वतःशी म्हणायची. ऐकलेली संख्या लिहिताना ‘ट्वेंटी’ ऐकून २ लिहायचा आणि हात उचलून थांबायचं. पुढे काही आलं नाही तरच शून्य. हा थांबा शिकायला तिला चेक लिहिण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

तेरा ते एकोणीसला आमचा नियम मोडला. तिथे इंग्रजीही चिल्लरच आधी देते : फोर-टीन, सिक्स-टीन, अगदी चौदा-सोळासारखं. इथे मराठी मुलाला इंग्रजी सोपी वाटते आणि विसानंतर ती अचानक पाठ फिरवते. तक्त्यात एकोणीस आणि वीस शेजारी-शेजारी असतात, पण त्यांच्यामध्ये हा केवढा बांध आहे हे तक्ता सांगत नाही. मी वहीत १९ नंतर आडवी लाल रेघ मारली. रेघेच्या वर चिल्लर आधी, रेघेखाली नोटा आधी.

थर्टीन की थर्टी, हे मात्र कानाचं काम. थर्टीनमध्ये जोर शेवटी पडतो आणि ‘टीन’ लांबतं. थर्टीत जोर सुरुवातीला आणि ‘टी’ तुटकी. फोनवर तेवढं ऐकू येईलच असं नाही. त्यासाठी आपल्याकडची दुकानदारी तोडच चांगली : “वन थ्री का थ्री झिरो?” असं विचारायचं. तिला विचारायची लाज वाटायची. पिशव्यावाल्याने एकदा स्वतःच “सेव्हन्टीन, वन सेव्हन” म्हटलं तेव्हा ती लाज गेली.

लिहिताना

स्पेलिंगला मी फार वेळ दिला नाही. चार खड्डे दाखवले. ‘फोर’ आणि ‘फोर्टीन’मध्ये यू आहे, ‘फॉर्टी’त नाही. ‘फाइव्ह’चं ‘फिफ्टी’ होताना व्ही जाऊन एफ येतो. ‘एट’ला ‘टी’ जोडताना टी एकच. ‘नाइन्टी’त ई राहते. बाकी तिला येतच होतं.

वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीत. गटाचं इतिवृत्त आणि जमा-खर्च ती देवनागरी आकड्यांत लिहायची, चेक आणि पावत्या इंग्रजी आकड्यांत. तिचा इंग्रजी एक देवनागरीच्या वळणाने डोकं गोल करून यायचा आणि थेट इंग्रजी नऊ दिसायचा. देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, हेही एका पावतीवर सापडलं. हिशेब तपासायला आलेल्या तरुणाने मागे एकदा १५० ला साडेनऊशे वाचलं होतं आणि अर्धा दिवस ताळा जुळला नव्हता. तो प्रसंग तिला आता उलगडला. आम्ही ठरवलं : एका कागदावर एकाच तऱ्हेचे आकडे, आणि इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी काठी.

दुसरी अडचण आपल्या सव्वा-दीड-अडीचची. साडेसातशे, पावणेदोन हजार, सव्वा लाख हे शब्द तिच्या तोंडात इतके बसलेले की इंग्रजीत ती अडखळायची. साडेसातशेला तिने ‘सेव्हन हंड्रेड हाफ’ म्हटलं. इंग्रजीत सांगण्याआधी आकडा पुरता उघडायचा : ७५०, मग सेव्हन हंड्रेड फिफ्टी. पावणेदोन हजार म्हणजे १,७५०. यासाठी वेगळा सराव लागला, पण तो तिला आवडला, कारण हिशेबात ती राणी होती. लाखाची भीती होती ती फुकट गेली. आपल्या बँकांच्या इंग्रजीत लाख लाखच राहतो आणि स्वल्पविरामही आपल्याच जागी पडतो, १,००,०००.

चेकसाठी क्रम असा बसवला. आधी कच्च्या कागदावर आकडा. त्याखाली पेन्सिलीने ‘पन्नास नऊ’ असं फोडून. मग इंग्रजी शब्द, मग तो शब्द झाकून पुन्हा आकड्यांत लिहायचा आणि पहिल्याशी ताडून बघायचा. हे जुळलं तरच चेकबुक उघडायचं. आणि अध्यक्षबाईंची सही सगळं लिहून झाल्यावर, त्यांच्याकडून रक्कम मोठ्याने वाचून घेऊन. अध्यक्षबाईंना हे शेवटचं रुचलं नाही. अजूनही कधी कधी कोरी सही होते.

सात आठवड्यांनी

त्याच तीस संख्या पुन्हा घेतल्या. आकडा बघून वाचताना एक चूक, ३७ ला ‘सेव्हन्टी थ्री’, आणि ती तिने लगेच स्वतः सुधारली. ‘एकोण’च्या पाचांपैकी एकही चुकली नाही. ऐकून लिहिताना दोन चुकल्या, दोन्ही टीन-टीच्या, आणि दोन्ही मी मुद्दाम भरभर म्हटलेल्या. फोनवर ते अजून होतं.

मार्चअखेर गटाने कर्जाचा हप्ता भरला, ४,६७९ रुपये. तिने मला बोलावलं नव्हतं. मी सहज तिच्या घरी गेले होते. चेकबुक उघडं, शेजारी कच्चा कागद, त्यावर पेन्सिलीने फोडलेला आकडा. ओठ हलत होते. “सत्तर नऊ… सत्तर नऊ.” मग तिने पेन उचललं आणि ‘सेव्हन्टी नाइन’ लिहिलं, पुढे ‘ओन्ली’, आणि उरलेल्या जागेवर रेघ ओढली. मग माझ्याकडे न बघता चेक घेऊन अध्यक्षबाईंच्या घरी निघाली, वाचून घ्यायला.